तेराव्यानंतरची संध्याकाळ: उतारवयात सोबत कशी जमवावी

ह्यांना जाऊन सात वर्षं झाली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. भावकी, शेजार, शाळेतल्या जुन्या सहकारी, कुणी डबा घेऊन येई, कुणी रात्रीचं सोबतीला झोपायला. चौदाव्या दिवशी मुलगा पुण्याला गेला, नणंद इचलकरंजीला गेली. संध्याकाळी साडेसहाला दिवा लावून बसले तेव्हा ध्यानात आलं, की आता सकाळी दूधवाला येईपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नाही. पुढचं दीड वर्ष फार वाईट गेलं. त्यात एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. सकाळी सातपासून दुपारी साडेबारापर्यंत मी तिथंच होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्या साडेपाच तासांत जे समजलं त्यावर हा सगळा लेख उभा आहे. ओळखी किती आहेत ते मोजू नका. आज आपण दिसलो नाही तर दुपारच्या आत कुणाच्या लक्षात येईल, ते मोजा. कोल्हापुरात ओळखीला तोटा नाही. महाद्वार रोडवरून एक फेरी मारली तर दहाजण विचारतात, "काय बाई, बऱ्या हायसा न्हवं?" त्या विचारण्यात माया असते. पण मी पंधरा दिवस दिसले नाही तरी त्यातल्या एकालाही चुकल्यासारखं वाटणार नाही. आपल्याला चुकल्यासारखं वाटणारी दोन-तीन माणसं हवीत. ती आपोआप मिळत नाहीत, जमवावी लागतात. आम्ही पाच-सहा जणींनी जे करून पाहिलं ते खाली क्रमानं लिहिते. क्रम शक्यतो बदलू नका.

पहिली पायरी: आठ दिवसांची वही

एक साधी वही घ्या. आठ दिवस रोज रात्री तीन गोष्टी लिहा. आज कुणाशी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलणं झालं? कोणती वेळ सगळ्यात जड गेली? त्या वेळी नेमकं काय हवंसं वाटलं?

तिसरा प्रश्न सोडू नका. एकटेपणा सगळ्यांचा सारखा नसतो. कुणाला जेवताना समोर माणूस हवं असतं. कुणाला रात्री घरात कुणाची तरी चाहूल हवी असते. कुणाला मनातलं बोलायला जागा नसते, मग घरात मुलगा-सून-नातवंडं सगळी असोत. आणि कुणाला हात धरणारं हक्काचं माणूस हवं असतं, हे बोलायची चोरी वाटते म्हणून वहीतसुद्धा लिहिलं जात नाही. लिहा. जेवणाच्या सोबतीवरचा उपाय मनातलं बोलण्याला लागू पडत नाही. माझ्या वहीत आठपैकी सहा दिवस "दिवेलागण" आलं होतं. मी तोवर सकाळी देवळात जाऊन एकटेपणा घालवायला बघत होते, आणि माझी सकाळ मुळात बरीच होती.

दुसरी पायरी: कान, डोळे, गुडघे आणि लघवी

ही पायरी लोक वगळतात, आणि पुढचं सगळं त्यामुळेच फसतं.

कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू घोळक्यातून बाजूला होतो. चारवेळा "काय म्हणालात?" विचारायची लाज वाटते, मग नुसतं हसून मान डोलावतो, मग जायचंच बंद करतो. घरचे म्हणतात, तात्यांचा स्वभाव बदलला. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्या; कधी कधी तेवढ्यानंच भागतं. श्रवणयंत्र लागलं तर पहिल्याच दिवशी ते घालून लग्नाला जाऊ नका. नवे आवाज ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात. पहिले काही दिवस शांत घरात तास-दोन तास घाला, मग दोघांत बोलताना, आणि शेवटी बाजारात. "यंत्र लावलं की नुसता कालवा ऐकू येतो" म्हणून कपाटात ठेवलेली यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती बहुतेक वेळा नीट जुळवून घ्यायची राहिलेली असतात. जिथून घेतलं तिथं दोन-तीनदा जाऊन आवाज लावून घ्यायचा.

वय ६५ किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी ते आहेत. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करायची.

आता लघवीचं. बायका हे डॉक्टरलाही सांगत नाहीत, पुरुषही नाही. "आता बाहेर जावंसं वाटत नाही" याच्या मागे पुष्कळदा "वाटेत लागली तर?" ही भीती असते. साखर, प्रोस्टेट, जंतुसंसर्ग, सैल झालेले स्नायू, यातलं बरंचसं उपचारानं आटोक्यात येतं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं बदलू नका. आणि बसायची जागा ठरवताना जवळ स्वच्छतागृह आहे का, ते आधी एकदा जाऊन बघा.

एक फरक ओळखता आला पाहिजे. एकटेपणा माणूस भेटला की थोडा वेळ तरी उतरतो. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच गोडी वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, जेवण तुटलं असेल, माणसं आली तरी बरं वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला औषधोपचार आहेत. थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा तपासून घ्यावं, कारण त्यांच्या कमतरतेनंही असंच वाटतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. "आता देवानं न्यावं" हे वाक्य कुणी वारंवार म्हणत असेल तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. जवळ बसून सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. आणि उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

तिसरी पायरी: एक जागा, एक वेळ, महिनाभर

सोबत जमते ती त्याच माणसांना त्याच वेळी पुन्हा पुन्हा भेटल्यानं. सहल, मेळावा, स्नेहसंमेलन ह्यांत एक दिवस छान जातो आणि दुसऱ्या दिवशी घर आणखी रिकामं वाटतं. म्हणून जागा निवडताना तीन गोष्टी बघा: दहा-पंधरा मिनिटांत चालत पोचता यावं, माणसं रोज किंवा ठरल्या वारी येणारी असावीत, आणि तुमच्या वहीतल्या जड वेळेच्या जवळपास ती वेळ यावी.

आपल्या गावात अशा जागा आहेत. पहाटे रंकाळ्याचा काठ आणि शेजारचं पद्माराजे उद्यान, हुतात्मा पार्क, नागाळा पार्काकडच्यांना महावीर उद्यान. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. ज्यांना बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी वाचनालयासारखी जागा नाही. शेजारी बसून पेपर वाचायचा, बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि पंधरा दिवसांनी "हे पान झालं का तुमचं?" एवढ्यावरून सुरुवात होते. गाण्याचा कान असेल तर देवल क्लब. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर ताज्या दुधाबरोबर गप्पाही होतात. भागातले ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांची वर्गणी किरकोळ असते.

गेल्यावर काय करायचं? पहिला आठवडा फक्त नमस्कार. दुसऱ्या आठवड्यात नाव विचारायचं आणि घरी येऊन वहीत लिहायचं, कारण नावानं हाक मारली की माणूस आपलं होतं. तिसऱ्या आठवड्यात शेजारी बसायचं. चौथ्यात काहीतरी घेऊन जायचं, मूठभर फुटाणे का असेनात. पहिल्या दहा दिवसांत "ह्यांचा आधीच घोळका आहे, मला कोण घेतंय" असं वाटून परत फिरावंसं वाटेल. सगळ्यांना वाटतं. मी तीनदा परत फिरले. महिना पुरा करा. एक दिवस चुकल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी "काल आला न्हाईसा?" विचारलं, की ही पायरी झाली असं धरा.

पावसाळ्याचा विचार आधी करायचा. आपल्याकडे जूनमध्ये लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत बसू देत नाही, आणि उन्हाळ्यात जमलेले बागेतले कट्टे आषाढात मोडतात. मे महिन्यातच ठरवा, पाऊस लागला की कुणाच्या सोप्यात बसायचं.

बायकांनी काय करायचं

वर लिहिलेल्या बऱ्याच जागा पुरुषांच्या आहेत. कट्टा पुरुषांचा, तालीम पुरुषांची, पानपट्टीपाशी उभं राहणं पुरुषांचं. नवरा गेलेल्या बाईला हक्कानं बसायला जागा कुठली? भजनी मंडळ असतं, देऊळ असतं. हळदीकुंकू असतं, पण नेमकं जेव्हा माणसांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हापासून तिला तिथलं बोलावणं बंद होतं. मला हे फार लागलं होतं. ज्या गल्लीत तीस वर्षं मी सगळ्यांच्या संक्रांतीला गेले, तिथं त्या वर्षी कुणी बोलावलं नाही, आणि कुणाच्या मनात वाईटही नव्हतं. रीतच तशी, म्हणून.

पण रीत बदलते, आणि आपल्याच जिल्ह्यात बदलली. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं मनं एका दिवसात बदलत नाहीत, पण दाखवायला एक कागद मिळाला.

आम्ही काय केलं ते सांगते. एका संक्रांतीला मीच बोलावणं केलं. हळदीकुंकू म्हटलं नाही, "तिळगूळ घ्यायला या, गल्लीतल्या सगळ्या" म्हटलं. सतराजणी आल्या, त्यात पाच नवरा गेलेल्या. त्या पाचजणींची मग दर मंगळवारी चार ते साडेपाच माझ्या सोप्यात बैठक सुरू झाली. हातात काम ठेवायचं हा आमचा नियम आहे. शेंगा फोडा, वाती वळा, गवारी निवडा. हातात काम असलं की गप्प बसणं अवघड वाटत नाही, आणि मनातलं बोलताना कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

चौथी पायरी: कट्ट्यावरून घरात

वर्षानुवर्षं बागेत भेटणारी माणसं एकमेकांचं घर पाहिलेली नसतात. मग आजारपणात कुणी येत नाही, कारण कुठं यायचं ते माहीत नसतं. ही हद्द ओलांडायला जेवणाचं आमंत्रण देऊ नका. ते भारी होतं, समोरच्यालाही फेडावंसं वाटतं. चहाला बोलवा, आणि वेळ ठरवून: "पाचला या, सहाला मला दळण आणायला जायचंय." उठायची वेळ ठाऊक असली की येणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही.

त्याहून सोपं म्हणजे छोटी मदत मागणं. "कपिलतीर्थला भाजीला निघालोय, येतासा काय?" किंवा "मोबाईलवर लाईटबिल कसं भरायचं दाखवतासा?" मदत देऊ केली की माणूस आढेवेढे घेतं, मागितली की धावून येतं. पहिल्या भेटीनंतर आठवड्याच्या आत दुसरी भेट झाली पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

जेवणाची सोबत हवी असणाऱ्यांनी आठवड्यातला एक वार ठरवा. एकीनं भाकरी, दुसरीनं भाजी. एकट्यासाठी कुणी धड रांधत नाही. चहा-खारी खाऊन दिवस काढणाऱ्या किती बायका मला माहीत आहेत.

पाचवी पायरी: हजेरीची साखळी

माझ्या मते सगळ्या लेखात हेच आधी करण्यासारखं आहे, पण वरच्या पायऱ्यांशिवाय त्यासाठी माणसं मिळत नाहीत.

पाचजण घ्या. सकाळी साडेसात ते आठ ही वेळ. पहिल्यानं दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं करत पाचव्यानं पहिल्याला. बोलणं एक मिनिट पुरे. फुलांचा फोटो आणि सुप्रभात ही हजेरी धरायची नाही, आवाज ऐकायचा. जीभ जड झालेली, धाप लागलेली, बोलणं विसंगत झालेलं हे आवाजावरूनच कळतं, आणि पक्षाघातात तेवढी वेळ वाचणं फार मोलाचं असतं. फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा करायचा. तरीही नाही, तर ज्याच्याकडे किल्ली आहे त्या शेजाऱ्याला फोन, आणि त्यानं लगेच जाऊन बघायचं. "झोपल्या असतील" म्हणून सोडायचं नाही. गावाला जाणाऱ्यानं आदल्या रात्री सांगायचं.

यासाठी घरात तीन बदल लागतात. न्हाणीघराची आतली कडी लावायची नाही. एकटं राहणाऱ्याला ती कशाला? दाराला बाहेरून किल्लीनं उघडणारं लॅच बसवायचं, आणि एक किल्ली शेजारी द्यायची. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायचा: नाव, वय, रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, डॉक्टरचा आणि मुलांचा फोन, आणि ठळक अक्षरांत ११२ व १०८. त्याखाली १४५६७ लिहा. ज्येष्ठांसाठीची ही मोफत एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. मुलं छळत असतील, आधार नसेल, नुसता सल्ला हवा असेल तरी फोन करता येतो.

पंचगंगेच्या काठच्या भागात राहणाऱ्यांनी पुराचा नियमही साखळीत घालावा. २०१९ आणि २०२१ मध्ये काय झालं ते आपण पाहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की संध्याकाळीही फोन सुरू करायचा आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या, चष्मा, कागदपत्रं पिशवीत भरायची. ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत वाट बघायची नाही, त्याआधीच कुणाकडे जायचं ते ठरलेलं असावं.

मुलं बाहेरगावी असतील तर

रोज "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढाच फोन येत असेल तर राग धरू नका, त्यांनाही दुसरं सुचत नाही. वेळ ठरवून घ्या, रविवार सकाळ धरा, आणि त्यांना कामाला लावा: नातवंडांना गोष्ट वाचून दाखवायची, आमटीची कृती व्हिडिओवर सांगायची. नवरा किंवा बायको गेल्यावर पहिल्या वर्षात इथलं घर विकून मुलांकडे जाऊ नका. तीन महिने राहून बघा, घर तसंच ठेवा. पुण्याच्या बाराव्या मजल्यावरचा एकटेपणा गल्लीतल्यापेक्षा जड असू शकतो, आणि परतीची वाट मोडलेली असली तर तो आणखी लागतो. घर मुलांच्या नावावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात "सांभाळ करण्याच्या अटीवर" असं स्पष्ट लिहून घ्या. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा.

जाणंयेणं चालू ठेवा. एसटीला ७५ वर्षांवरच्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं, आणि बायकांना कुठल्याही वयात अर्धं. आधार कार्ड जवळ असू द्या. जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी, साखळीतल्या पाचजणांनी महिन्यातून एकदा जावं.

जोडीदार हवा असेल तर

ज्यांच्या वहीत "हक्काचं माणूस" आलं असेल त्यांच्यासाठी हे. ह्या वयात हे कसलं, असं म्हणणाऱ्यांना सांगायला आपल्याकडे मोठा आधार आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. शंभर वर्षांपूर्वी छत्रपतींनी मान्य केलेली गोष्ट आज गल्लीनं मान्य करायला काय हरकत आहे?

घाई मात्र नको. निदान सहा महिने भेटा, आधी उजेडात, चार माणसांत. एकमेकांचे आजार, कर्ज, मुलांचे स्वभाव बोलून घ्या. एकमेकांच्या घरी दिवसभर राहून बघा. उठायची वेळ, टीव्हीचा आवाज, मांसाहार, देवदेव, यावरूनच पुढं खटके उडतात. मुलांना बाहेरून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा. त्यांची संमती कायद्याला लागत नाही, पण त्यांची खरी भीती पुष्कळदा घराबद्दल असते, म्हणून त्याच बैठकीत मालमत्तेचं काय ठरवलंय ते सांगून टाका आणि त्याप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा.

लग्न विशेष विवाह कायद्यानं करायचं तर ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. नवऱ्याच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईनं आधी आपल्या पेन्शन कार्यालयात विचारावं, कारण पुनर्विवाहानंतर ते बंद होऊ शकतं. ईपीएसचं, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीबरोबरच्या पेन्शन योजनेचं, विधवा पेन्शनही पुनर्विवाहापर्यंतच असतं. त्यामुळे काहीजण लग्नाविना एकत्र राहतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण अशा जोडीदाराला वारसाहक्क आपोआप मिळत नाही. मृत्युपत्रात नाव नसेल तर उरलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी घर सोडावं लागू शकतं.

फोनवर ओळख झालेलं, कधी प्रत्यक्ष न भेटलेलं माणूस पैसे मागू लागलं, किंवा पोलीस असल्याचं सांगून कुणी "तुम्हाला डिजिटल अटक झाली, कुणाला सांगू नका" म्हणालं, तर फोन ठेवा आणि साखळीतल्या पहिल्या माणसाला सांगा. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. अशी अटक कायद्यात नाहीच.

तुम्ही शेजारी असाल तर

ज्या घरात माणूस गेलंय तिथं तेराव्यापर्यंत सगळे जातात, तुम्हीही जा. पण कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाला खूण करून ठेवा. संध्याकाळी साडेसहाला जायचं. काय बोलू, याची काळजी करू नका. अर्धा किलो मटार आणि एक परात घेऊन जा, म्हणा, "घरात एकटीला कंटाळा आला, इथं बसून सोलते." गेलेल्या माणसाचं नाव घ्या, टाळू नका. निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नसतं. "परवा येते, शेंगा घेऊन," असं म्हणा, आणि परवा जा.